साक्षीदाराचे मानधन

फोनची जाहिरात करणाऱ्या नटाला त्या फोनमधले काय कळते, असे जाहिरात व्यवसायातल्या कुणालाही विचारा. उत्तर तयार असते. काही कळायची गरजच नाही, म्हणतात. लोक काही दूधखुळे नाहीत, नट पैसे घेऊन बोलतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, त्याचे काम फक्त लक्ष वेधायचे. हीच मंडळी कंपनीच्या बैठकीत जातात तेव्हा त्यांच्या सादरीकरणात वेगळाच मजकूर असतो: या चेहऱ्यावर लोकांचा विश्वास आहे, तो आपल्या ब्रँडकडे वळेल, म्हणून एवढे कोटी मोजायला हरकत नाही. ग्राहकापुढे म्हणायचे की कुणी विश्वास ठेवतच नाही, आणि कंपनीपुढे त्याच विश्वासाचे दर सांगायचे. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. कोणते खोटे, हे बिल कशाचे फाडले जाते त्यावरून कळते.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत हा दुटप्पीपणा जास्त महागात पडतो. साबण नाही आवडला तर पुढच्या महिन्यात दुसरा आणता येतो; कुठल्या नटीने त्याची तारीफ केली होती, याने फारसे काही बिघडत नाही. पण फोनची बॅटरी दोन वर्षांनी कशी चालेल, सॉफ्टवेअरचे अपडेट किती दिवस येतील, ॲप आपली माहिती कुणाला देते, तीन वर्षांच्या शिकवणीचे पैसे आज घेणारी कंपनी तिसऱ्या वर्षी जाग्यावर असेल का, यातले काहीही खरेदीच्या वेळी तपासता येत नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावातले मोबाइलचे दुकान पाहा. काचेखाली पंधरा-वीस फोन, सगळे सारखेच चकचकीत, खाली कार्डावर मेगापिक्सेल आणि एमएएचचे आकडे. बाप मुलाकडे बघतो, मुलगा कार्डाकडे. मग कंपनीचा टी-शर्ट घातलेला प्रमोटर पुढे सरकतो आणि दाराशी उभ्या केलेल्या नटाच्या पुरुषभर उंच स्टँडीकडे बोट दाखवतो. फोनचे नाव नंतर, आधी नटाचे. जे स्वतःला तपासता येत नाही त्याबद्दल माणसाला कुणाची तरी साक्ष हवी असते, आणि ब्रँड ॲम्बॅसिडर म्हणजे ती पैसे मोजून आणलेली साक्ष. माझा सगळा आक्षेप एवढ्यालाच आहे. साक्ष द्यायची, तिचे मानधन घ्यायचे, आणि उलटतपासणीची वेळ आली की ‘मी तर कलावंत, मला त्यातले काय कळते’ म्हणून हात वर करायचे.

हे पहिल्यापासून असेच चालत आले आहे, असेही सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरगुती संगणक आले तेव्हा कमोडोरने ‘स्टार ट्रेक’चा कप्तान विल्यम शॅटनर आणला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बिल कॉस्बी आणला. कॉस्बीच्या हसऱ्या चेहऱ्याचा उपयोग किती झाला? ऑक्टोबर १९८३ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घरगुती संगणकांचा धंदाच गुंडाळला. आयबीएमने आपल्या पीसीसाठी चॅप्लिनचा ट्रॅम्प वापरला. चॅप्लिन १९७७ मध्येच वारला होता, त्यामुळे तो हे यंत्र रोज वापरतो असा भास निर्माण करण्याची सोय नव्हती. त्या अर्थाने ही त्या काळातली सर्वांत प्रामाणिक जाहिरात म्हटली पाहिजे. पण याच गर्दीत आयझॅक आसिमॉव्हही होता. तो रेडिओ शॅकच्या टीआरएस-८० संगणकांची जाहिरात करी, आणि त्याच कंपनीच्या यंत्रावर लिहीतही असे. शेकडो पुस्तके लिहिणारा माणूस या यंत्रावर लिहिता येते असे सांगतो, तेव्हा त्याने पैसे घेतले असले तरी साक्षीला वजन असते. प्रसिद्ध माणसाने जाहिरात करू नये, असे माझे म्हणणे नाहीच. त्याने जे पाहिले, वापरले, तपासले त्याचीच करावी, एवढे साधे म्हणणे आहे.

यावर जाहिरातवाल्यांचा सुधारित बचाव असतो. आता आम्ही नुसता चेहरा घेत नाही, कलावंताला उत्पादनाच्या घडणीतच सामील करून घेतो! दोनदा दिवाळखोरी पाहिलेल्या पोलरॉइडने २०१० मध्ये लेडी गागाला ‘क्रिएटिव्ह डायरेक्टर’ केले. वर्षभराने तिने कॅमेरा बसवलेला गॉगल मंचावर दाखवला. तो दुकानात काही आला नाही. इंटेलने २०११ मध्ये गायक विल.आय.ॲमला असेच लांबलचक पद दिले. सगळ्यांवर कडी केली लेनोवोने. ॲश्टन कुचरने पडद्यावर स्टीव्ह जॉब्सची भूमिका केली, त्याला तीन महिने होत नाहीत तोच ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने त्याला ‘प्रॉडक्ट इंजिनिअर’ म्हणून जाहीर केले. कुचरला या क्षेत्रातले कळत नव्हते असे नाही. एअरबीएनबी, उबर यांच्यात त्याने वेळीच पैसे घातले होते. मग त्याला गुंतवणूकदार म्हणा. इंजिनिअर व्हायला आपल्याकडे पोरांना चार वर्षे आणि दोन-चार केटी लागतात.

ब्लॅकबेरीची गोष्ट तर दुःखान्त आहे. ३० जानेवारी २०१३ रोजी कंपनीने आपली सगळी भिस्त असलेली ब्लॅकबेरी १० प्रणाली बाजारात आणली आणि त्याच मंचावर ॲलिशिया कीजला ‘ग्लोबल क्रिएटिव्ह डायरेक्टर’ नेमल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच तिच्या खात्यावरून आयफोनमधून केलेले ट्वीट दिसले. खाते हॅक झाले होते, असा खुलासा तिने केला. सप्टेंबर येईतो कंपनीने तिमाहीत शंभर कोटी डॉलरच्या जवळपास तोटा सांगितला, त्यातला मोठा वाटा न खपलेल्या झेड१० फोनचा, आणि ४,५०० माणसे कमी करण्याची घोषणा केली. वर्ष पुरे झाल्यावर कीजचे पदही संपले. हा तोटा तिच्यामुळे झाला असे कुणीच म्हणणार नाही. पण मग ‘सर्जनशील संचालक’ म्हणून तिने नेमके काय संचालित केले, हा प्रश्न विचारायला नको का?

ट्वीटचा विषय निघालाच आहे तर त्या खालच्या बारीक करड्या ओळीबद्दल सांगायला हवे. मजकूर कुठल्या यंत्रावरून आला हे ट्विटर त्या ओळीत आपणहून छापत असे. ओप्रा विन्फ्रीने २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबलेटचे तोंडभरून कौतुक केले. खाली ओळ होती आयपॅडची. टेनिसपटू दाविद फेररने २०१३ मध्ये सॅमसंगचा नवा गॅलेक्सी किती छान आहे ते आयफोनवरून सांगितले. गॅल गॅडटने २०१८ मध्ये हुआवेच्या फोनची तारीफ केली, तीही आयफोनवरूनच. यावर बचाव असा, की ही खाती सेलिब्रिटी स्वतः चालवत नाहीत, त्यांची टीम चालवते. अहो, हा बचाव आहे की कबुली? म्हणजे फोन त्यांचा नाही, शब्द त्यांचे नाहीत, मतही त्यांचे नाही. त्यांचे फक्त नाव आणि बँक खाते. कुणी तक्रार न करता, कुठला आयोग न नेमता साक्षीदाराला उघडे पाडणारी ती एक ओळ होती. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने तीही काढून टाकली.

इथवर हसण्यावारी नेता येते, कारण आयफोनवरून दुसऱ्या फोनची तारीफ केल्याने कुणाचे घर बुडत नाही. आपल्याकडे मामला पुढे गेला. शिकवणीचे ॲप विकणाऱ्या बायजूजने २०१७ मध्ये शाहरुख खानला ॲम्बॅसिडर केले. इंग्रजी शाळेत घातलेले पोर मागे पडू नये, या धास्तीत असलेल्या आईबापांच्या घरी एक अत्यंत ओळखीचा माणूस संध्याकाळच्या मालिकांमधून येऊ लागला. त्यामागून कंपनीचा विक्रेता यायचा. विक्रीच्या पद्धतीबद्दल पालकांच्या तक्रारी वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिल्या: पोराला दोन-चार प्रश्न विचारायचे, ते अडखळले की आईबापांकडे बघायचे, मग टॅबलेट आणि त्याच्याबरोबर हप्त्यांचे कागद पुढे सरकवायचे. आपण सही केली ती कर्जावर, हे काहींना हप्ता कापला गेल्यावर कळले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखाला बोलावणे धाडले. कंपनीने आरोप नाकारले. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे: २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन असलेली कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आता या करारातली मजेशीर बाजू पाहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुखच्या मुलाला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, तेव्हा बायजूजने शाहरुखच्या जाहिराती काही काळ थांबवल्या. मुलाला पुढे, मे २०२२ मध्ये, तपास यंत्रणेनेच आरोपातून वगळले. २०१५ मध्ये आमिर खानने असहिष्णुतेबद्दल एक वाक्य उच्चारले. तो ज्याची जाहिरात करी त्या स्नॅपडीलचे ॲप लोकांनी काढून टाकायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत कंपनीने त्याचा करार वाढवायचे नाकारले. म्हणजे नटाच्या घरात किंवा बोलण्यात जरा खुट्ट झाले की आपल्या नावाला डाग लागतो, हे कंपनीला पक्के कळते. करारात त्यासाठी कलमेही असतात. उलट दिशेने मात्र हा डाग जात नाही, असे आपण मानायचे! कंपनी बुडाली, पालकांचे पैसे अडकले, तरी नटाचा चेहरा स्वच्छ. विश्वास नटाकडून कंपनीकडे वाहतो असे सांगून पैसे घ्यायचे, आणि जबाबदारीची वेळ आली की त्याच नळाला एकाएकी झडप बसवायची, हा कुठला न्याय?

भारतीय क्रिकेट संघाची जर्सी हे तर या धंद्याचे चालते-बोलते संग्रहालय झाले आहे. २०१७ मध्ये पाच वर्षांसाठी १,०७९ कोटी रुपये बोलून ओप्पोने छातीवरची जागा घेतली. दोन वर्षांत ती बायजूजकडे गेली. २०२३ मध्ये ड्रीम११ आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आणि ड्रीम११लाही उतरावे लागले. खेळाडूला यात निवड नसते, हे मान्य. क्रिकेट नियामक मंडळाला मात्र होती. बायजूजला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेणारा अर्ज याच मंडळाचा होता, सुमारे १५८.९ कोटींच्या थकबाकीसाठी. आपले पैसे थकले तेव्हा मंडळाला न्यायाधिकरणाचा रस्ता बरोबर सापडला. जर्सीवरचे नाव पाहून पैसे भरलेल्या पालकाने कुठे जायचे?

सचिन तेंडुलकरचे नाव मराठी माणसासमोर घेताना हात जरा थरथरतो, पण घेतले पाहिजे, कारण या वादातला माझा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. वडिलांना, म्हणजे प्राध्यापक-कवी रमेश तेंडुलकरांना, दिलेल्या शब्दामुळे आपण तंबाखूची जाहिरात कधी केली नाही, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. १९९६च्या विश्वचषकात त्याची बॅट बिनस्टिकरची होती, हे त्या वेळी टीव्हीला चिकटून बसलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. ‘जाहिरातीने कुणी फसत नाही’ हे खरे असते तर या संयमाला काय अर्थ उरला असता? आपण म्हटले तर पोरे ऐकतील, हे पंचविशीही न गाठलेल्या खेळाडूला कळत होते. पुढे २०१७ मध्ये हैदराबादच्या स्मार्ट्रॉन कंपनीने त्याच्या आद्याक्षरांचा ‘एसआरटी’ फोन १२,९९९ रुपयांपासून विकायला काढला. फोन फार काळ टिकला नाही, पण त्या कंपनीत सचिनने स्वतःचे पैसे घातले होते. साक्षीदाराचेही काही पणाला लागलेले असले की मला तक्रार करवत नाही.

२०२० मध्ये तो पेटीएम फर्स्ट गेम्स या ऑनलाइन खेळांच्या ॲपचा ॲम्बॅसिडर झाला, त्याबद्दल मात्र करवते. तेव्हा तो धंदा बेकायदा नव्हता. पण ऑगस्ट २०२३ मध्ये आमदार बच्चू कडू कार्यकर्त्यांसह सचिनच्या वांद्र्याच्या घरासमोर जाऊन बसले. भारतरत्नाने ऑनलाइन खेळांची जाहिरात करू नये, ही त्यांची मागणी. आंदोलनाच्या त्या पद्धतीचा मी चाहता नाही, कुणाच्या घरासमोर गर्दी करणे बरे नव्हे. पण मागणीतला मुद्दा कुणी खोडून काढल्याचे मी वाचले नाही. आणि पाचच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, सचिनचा चेहरा आणि आवाज बनावट रीतीने वापरून एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारी चित्रफीत पसरली. मुलगी या खेळावर पैसे कमावते, असे त्याच्या तोंडी घातले होते. सचिनने ताबडतोब लोकांना सावध केले, मुंबईत गुन्हा दाखल झाला, मंत्र्यांनी दखल घेतली. सगळे योग्यच झाले. पण सगळ्यांनी एक गोष्ट न बोलता मान्य केली: हा चेहरा पाहून लोक पैसे घालतात. बनावट चेहरा पाहून घालतात, तर खरा पाहून का घालणार नाहीत?

कायद्याला हे कळलेले आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे २१वे कलम दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतल्या पुरस्कर्त्याला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड लावते. वर्षभर, पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदीही करता येते. आधी नीट खातरजमा केली असेल तर सुटका आहे. जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतले मत खरे, सध्याचे आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेले हवे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रसिद्ध व्यक्ती तितक्याच जबाबदार असल्याचे बजावले. इथे शेवटचा बचाव पुढे येतो, आणि तो सर्वांत गोंडस असतो: बिचाऱ्या नटाने काय कंपनीचे हिशेब तपासत बसायचे?

का नाही? मानधनाचा हप्ता, चित्रीकरणाचे तास, प्रतिस्पर्धी ब्रँडवरची बंदी, व्हॅनिटी व्हॅन, हे सगळे तपासायला त्याच्याकडे वकील, व्यवस्थापक, सनदी लेखापाल असतात. त्यांनी अर्धा दिवस आणखी बसावे. बायजूजच्या बाबतीत तर हिशेब वाचायचीही गरज नव्हती. २०२०-२१ या वर्षाचा ताळेबंद दीड वर्ष उशिरा, सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि त्यात ४,५८८ कोटींचा तोटा निघाला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने अडीच हजार माणसे कमी करत असल्याचे सांगितले. नोव्हेंबरमध्ये लिओनेल मेस्सी तिच्या ‘एज्युकेशन फॉर ऑल’ उपक्रमाचा जागतिक ॲम्बॅसिडर झाला. यातले काय गुप्त होते? वर्तमानपत्र घेणाऱ्या कुणालाही दिसत होते. मेस्सीच्या वकिलांनाच तेवढे दिसले नाही म्हणता?

खरी अडचण दंडाच्या रकमेत आहे. कोटींच्या घरात मानधन घेणाऱ्याला १० लाख म्हणजे चहापाणी. अमेरिकेत किम कार्दाशियनने इथेरियममॅक्स या क्रिप्टोची जाहिरात करताना २,५०,००० डॉलर घेतल्याचे लपवले, तेव्हा तिथल्या रोखे नियामकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते पैसे व्याजासह परत घेतले, वर १० लाख डॉलर दंड लावला. मानधन परत, हा कळीचा भाग. तो आपल्या कायद्यात यावा. (क्रिप्टोवरून आठवले: एफटीएक्सने २०२२च्या सुपर बोलमध्ये लॅरी डेव्हिडला घेऊन जाहिरात केली होती, ज्यात तो प्रत्येक नव्या शोधाला मूर्खपणा म्हणून हिणवतो आणि शेवटी एफटीएक्सलाही नाही म्हणतो. नऊ महिन्यांत कंपनी बुडाली. इतका खरा बोललेला ॲम्बॅसिडर दुसरा दाखवा.)

असे कडक नियम केले तर कंपन्यांना चेहरेच मिळणार नाहीत, अशी भीती घातली जाते. न मिळोत. ओनिडाने शिंगे आणि शेपटीवाल्या सैतानावर टीव्ही विकले. शाओमीने सुरुवातीची काही वर्षे तारेतारकांशिवाय काढली आणि २०१७च्या अखेरच्या तिमाहीत ती देशात पहिल्या नंबरवर पोचली. व्होडाफोनने २००९च्या आयपीएलमध्ये झूझू आणले, ज्यांच्या आत कोण आहे हेही कुणाला माहीत नव्हते. त्याआधी २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एक मुलगा होता आणि त्याच्या मागे-मागे जाणारा पग. जिथे जाल तिथे नेटवर्क, हा दावा त्यातही होताच, आणि घाटात रेंज गेली की लोक मनसोक्त शिव्या घालत. पण त्या कंपनीला घालत. कुत्र्याच्या आड लपायची सोय तिला नव्हती.